अर्ध्यावर थांबणारी सीडी

मी एक सीडी बोलतेय. हळूच बोलते. मोठा आवाज झाला, की आपल्या अंगावर चरा पडला असंच मला वाटतं.

माझा जन्म पोलीस ठाण्यातला. औषधाच्या दुकानावरच्या कॅमेऱ्यानं एक अपघात टिपला होता. कामाच्या रगाड्यात बुडालेल्या हवालदारानं त्यातला लागेल तेवढा तुकडा माझ्यावर उतरवला आणि दोषारोपपत्राच्या नकलांबरोबर मला पाकिटात घातलं. आरोपी केतन. स्कूटरनं एका म्हाताऱ्याला धडक देऊन तो पळून गेला, असं माझ्या सोबतचे कागद म्हणत होते. रस्त्यापलीकडच्या एकानं त्याला पळताना पाहिलं होतं आणि तेवढंच सांगितलं होतं. म्हातारबाबा वाचले, पण त्यांना काही आठवत नव्हतं. केतनची जहाजावरची नोकरी ठरत आली होती. शिक्षा झाली, तर ती गेलीच.

कोर्टात एक रीत आहे. नकला हातात पडल्या, की आरोपी न बघताच 'मिळाल्या' म्हणून सही करतो. केतननंही पेन उचललं. तेवढ्यात त्याच्या बहिणीनं, आम्रपालीनं, मागून बाही ओढली. शिपायानं पुकारा केला तरी दचकणारी पोर ती.

"दादा, सीडीत काय आहे ते बघितलंस तरी?"

कारकून वैतागले. सगळेच सही करतात ताई, खटल्यात दिसेलच की, म्हणाले. सरकारनं मोफत दिलेल्या वकील मृणालीताई मात्र थांबल्या. आरोप ठेवण्याआधी पुरावा बघायला मिळणं हा उपकार नाही, आरोपीचा हक्क आहे, असं त्यांनी न्यायाधीशांना शांतपणे सांगितलं. पुढची तारीख मिळाली.

पण मला बघायचं कशावर? आम्रपालीच्या लॅपटॉपला माझ्यासाठी जागाच नाही. शेवटी गावच्या बुद्धविहारात जयंतीला भीमगीतं लावायचा जुना डीव्हीडी प्लेअर सापडला. तिनं मला ओढणीनं पुसलं, आत घातलं, उलटी तर नाही ना म्हणून परत काढून बघितलं.

मी फिरू लागले. म्हातारबाबा पडले. केतन स्कूटर टाकून धावला, वाकला, उठला आणि पळत पडद्याबाहेर गेला. तिथं मी संपले.

केतनची आई, शालन, हळूच म्हणाली, "पलालास, केतन?"

"पानी आनायला गेलो व्हतो, आये. फुडं बघ."

पुढचं माझ्यात नव्हतंच. आम्रपाली पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिली आणि मी पुन्हा पुन्हा तिथंच थांबत राहिले. शालननं लेकाच्या पाठीवर हात ठेवला, पण तो हात अजून विचारतच होता.

कॅमेरा तर पुढंही चालू असेल ना, हे आम्रपालीनं दुसऱ्याच दिवशी मृणालीताईंना विचारलं. त्यांनी अर्ज केला. कोर्टानं सांगितलं, आधी सगळं चित्रण आरोपीला द्या, आरोपाचं नंतर बघू.

ते पेन ड्राइव्हवर आलं. ताईंच्या ऑफिसात पडद्यावर रस्ता नुसताच दिसत राहिला. आम्रपालीनं डोळे घट्ट मिटले. ते उघडले आईच्या आवाजानं.

"आला. आला बघ माझा लेक."

केतन पाण्याची बाटली घेऊन धावत आला होता. बाबांचं डोकं मांडीवर घेऊन तो रिक्षा येईपर्यंत तसाच बसला होता. शालननं पडद्यावरच्या त्या एवढ्याशा लेकाला बोट लावून पाहिलं आणि शेजारच्या खऱ्याकडं बघून डोळ्यांना पदर लावला.

खटला अजून उभा आहे. धडक कुणाच्या चुकीनं झाली, ते कोर्ट ठरवील. पण पळालास का, असं त्या घरात आता कुणी विचारत नाही.

मी मृणालीताईंच्या फायलीत असते. मी अर्धीच, तरी वेळेवर बघितली गेले, म्हणून उरलेलं मागता आलं. तुमच्यावर अशी वेळ येऊ नये. आलीच, तर सही करण्याआधी मला नीट बघा आणि माझ्यात काय नाही, तेही विचारा.