एका दिवसाचं झूलाघर

पांढुर्ण्यात स्टेशनापलीकडं कापसातून सरकी काढायचा एक जिन होता; तिथं यमुना कापसातली कवडी, म्हणजे किडका-डागी कापूस, वेचायला जायची. साल चौऱ्याऐंशी. घरी आठ महिन्यांचा सुरेश आणि त्याला सांभाळायला नऊ वर्षांची विजया. त्यापायी विजयाची शाळा दिवाळीपासून सुटलेली. दुपारी छाती भरून आली की यमुना संडासामागं जाऊन भिंतीवर दूध पिळून टाकायची.

एका शनिवारी मुनीम मोरेश्वर बायांपुढं येऊन म्हणाले, "ज्यायची लहान लेकरं आहेत त्यायनं सोमवारी घेऊन या. छिंदवाड्याहून कारखाने तपासणारे साहेब येऊन राहिले. आंघोळ घालून आणा."

एरवी सरकीच्या पोत्यांनी भरलेली खोली सोमवारी रिकामी दिसली. भिंतींना चुना, आत चार पाळणे, दारावर 'झूलाघर' अशी पाटी. मुनीमांची बहीण सरला आया म्हणून पांढरं लुगडं नेसून बसली होती. दुपारी यमुनानं तिथं सुरेशला पाजलं. जिनात पहिल्यांदाच.

साहेबांनी खोली पाहिली आणि जिनाचे मालक शेठजी यांना म्हणाले, "तीस से ज़्यादा औरतें काम करती हैं, तो यह कमरा रखना ही पड़ेगा. कानून है." मग यमुनाकडं वळून विचारलं, "बच्चा रोज़ यहीं रहता है?"

मुनीम तिच्याकडंच बघत होते.

"हाव साहेब," ती म्हणाली.

साहेबांनी रजिस्टरात सही केली.

त्या दिवशी घरी आल्यावर तिनं चूल पेटवली, पण भाकरी थापताना तिच्या मनात तेच घोळत होतं. तीन हंगाम ती तिथं राबली. खोली द्यायचा कायदा आहे हे एकदाही कुणी सांगितलं नाही. आणि साहेबांनी विचारलं तेव्हा खोटं बोललं कोण, तर तीच.

मंगळवारी ती सुरेशला कडेवर घेऊनच आली. पाळणे मांडववाल्याकडं परत गेले होते. खोलीत पुन्हा पोती.

"आज काहून आणलं?" मुनीमांनी विचारलं.

"काल आणाले तुम्हीच सांगतलं. साहेब बोलले ते मी ऐकलं. कायदा आहे."

"कायदा काल होता. आज काम आहे. पोरगं घरी ठेवून ये."

यमुना ऑफिसात शिरली आणि सुरेशला मुनीमांच्या गादीवर निजवलं. "खोली नाई तर इथं ठेवतो," ती म्हणाली आणि दारातच बसली.

मुनीम ओरडले. सुरेश जागा होऊन रडायला लागला. कवडी वेचणाऱ्या बाया हात थांबवून बघत होत्या. त्यांतली सगळ्यात वयस्कर शकुंतलाबाई उठून यमुनाजवळ येऊन बसली. "माही नात बी घरी रडून रायली," ती म्हणाली. मग एकेक करत बाकीच्याही आल्या. वेचलेला कापूस संपला, तशी यंत्रं थांबली.

अकराच्या सुमारास शेठजींची जीप आली. त्यांनी मुनीमांना बाजूला नेलं. तासाभरानं हमाल पोती बाहेर काढू लागले. पाळणे आले नाहीत, आयाही आली नाही. बायांनी जुन्या लुगड्यांच्या झोळ्या बांधल्या आणि पाळीपाळीनं लेकरं सांभाळली. संक्रांतीनंतर विजया शाळेत जाऊ लागली.

यमुनाच्या मनातून ते 'हाव' मात्र जाईना. शाळेतल्या दत्तात्रय गुरुजींकडून तिनं साहेबांना कार्ड लिहून घेतलं: मी तुमच्यापुढं खोटं बोलली, खोली तेव्हा एका दिवसापुरती होती. गुरुजी म्हणाले, "बाई, खाली नाव नको टाकू."

"टाका," ती म्हणाली. "खोटं बोलली तवा माहं तोंडच होतं ना."

उत्तर आलं नाही.

पुढच्या हंगामात फाटकावर मुनीमांनी यादी वाचली. तिचं नाव नव्हतं. तिनं विचारलं तेव्हा ते वर न बघता म्हणाले, "बाया पुऱ्या झाल्या." तिच्यामागून आलेल्या दोघींना त्यांनी तिच्यासमोरच आत घेतलं.

ती संत्र्यांच्या पेट्या भरायच्या कामाला लागली. एकदा बाजारात शकुंतलाबाईनं सांगितलं, खोली चालू आहे, सहा लेकरं असतात. यमुनाला बरं वाटलं. पण शिव्या द्यायच्या त्या तिनं दिल्याच, मुनीमाचं नाव घेऊन, भर बाजारात.