खुर्चीसकट गाडी

घरात गाडी चालवता येते ती मला एकटीला. पण कोणती घ्यायची हे ठरवायला बसले कोण, तर माझा नवरा आणि धाकटे दीर. उंटावरून शेळ्या हाकायला यांना सांगितलं होतं कुणी? नवऱ्याला सेडान हवी, कारण त्याच्या साहेबाकडे तसलीच आहे. भाऊजींना छोटी एसयूव्ही. उंच बसलं की रस्त्यावर वट राहते म्हणे. दोघांनी मिळून माझं डोकं उठवलं होतं.

मुळात गाडी घ्यायची होती ती सासऱ्यांसाठी. अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबा चाकांच्या खुर्चीत, आणि त्यांची थोरली बहीण, आमच्या आत्या, शहराच्या दुसऱ्या टोकाला अंथरुणाला खिळलेल्या. फोनचा उपयोग नाही. बाबांचे शब्द आता जड येतात आणि आत्यांना ऐकू कमी येतं. समोरासमोर बसले तरच भेट. एवढी साधी गोष्ट या दोघा शहाण्यांच्या डोक्यातून पार उडाली होती.

शेवटी माझं टाळकं सटकलं. टॅक्सी बोलावली आणि बाबा, सासूबाई, खुर्ची, सगळ्यांना घेऊन थेट शोरूम गाठलं. दोघे भाऊ तिथे आधीच हजर. करडा रंग की काळा, यावर हुज्जत चालली होती.

"आधी बाबा बसून बघतील," मी म्हटलं.

सेडानच्या डिकीत खुर्ची छान मावली. बाबाही बसले, पण सीट इतकी खाली की बाहेर काढताना तिघांना ओढावं लागलं. बाबांनी मान खाली घातली. मला रडू आलं, तेही रागानंच. एसयूव्हीत मात्र ते अलगद टेकले, तर खुर्ची काही केल्या डिकीत जाईना. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं.

"खुर्ची कशाला न्यायची?" भाऊजी म्हणाले. "आत्यालाच गाडीपाशी आणू."

"उचलली जीभ लावली टाळ्याला. भाऊजी, त्यांना कुशीवर वळायलाही माणूस लागतं."

विक्रेत्यानं घाबरतच मागची सीट बरीचशी आडवी पाडून दाखवली. खुर्ची आत गेली. मागे एकाचीच जागा उरली.

"तिथे आई बसतील," मी म्हटलं.

"आणि आम्ही?" नवऱ्यानं विचारलं.

"बसनं या. तीही उंच असते. वट राहील."

सासूबाई तोंड फिरवून हसल्या. नवरा काहीतरी बोलणार, तेवढ्यात बाबांनी आपला चालता हात वर केला.

"लाल घ्या," ते एकेक शब्द ओढत म्हणाले. "ताईची खाट खिडकीशी आहे. तिला लांबचं नीट दिसत नाही."