कोरा पत्ता

पेरनने पत्त्यांच्या नव्या डब्यावरचं प्लॅस्टिक दातांनी फाडलं, तशी मेरियलने नजर खिडकीकडे वळवली.

"नखांनी निघालं असतं," ती म्हणाली.

"नखं आहेत कुठे? तू गेल्यापासून कुरतडून संपवली."

मेरियल हसली नाही. टॅमसिनने दोघांच्या मधलं बुटकं टेबल सरळ केलं आणि पितळी वाटी जवळ ओढून घेतली. इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरीच्या बाजारपेठेत, मेणबत्त्यांच्या दुकानावरच्या या खोलीत ती कित्येक वर्षं जोडप्यांना प्रेमाच्या पत्त्यांसमोर बसवत आली होती. भविष्य ती सांगत नसे. दोघांनी मिळून एक पत्ता काढायचा, त्यावरच्या चित्राकडे गप्प बसून बघायचं आणि तिने वाटी वाजवली की काय दिसलं ते बोलायचं, एवढंच. गावात अशा खोल्या डझनाने होत्या, आणि अर्ध्या गावाला उरलेलं अर्धं गाव लबाड वाटत असे.

मेरियल ऑक्टोबरपासून वेल्सला बहिणीकडे राहत होती. सोमवारी दोघांना वकिलाकडे घर विकण्याच्या कागदांवर सह्या करायच्या होत्या. फोनवर ती टॅमसिनला म्हणाली होती, "एकदा पत्त्यासमोर बसून बघते. पेरनच्या तोंडून काही निघालं तर निघालं. नाहीतर सोमवारी सही करून मोकळी होते." पेरनला मात्र विचारलं तर तो सांगे, पत्ते खेळायला बोलावलं म्हणून आलोय.

नवे पत्ते आधी जागे करायचे असतात. ते उपडे ठेवून एकेकावर बोटाने टकटक करायची, एक त्याने, एक तिने. पेरनने शेजाऱ्याच्या दारावर मारावी तशी थाप मारली.

"आहे का कुणी घरात?"

"पेरन," मेरियल म्हणाली, पण हसू येऊ नये म्हणून तिला ओठ दाबून धरावे लागले. टॅमसिनने ते पाहिलं आणि तिला जरा धीर आला.

पत्ते पिसून झाले. पेरनने गठ्ठा कापला, मेरियलने वरचा पत्ता उचलून टेबलावर उलटा केला.

पत्ता कोरा होता. पाठीवर बाकीच्यांसारखीच निळी वेलबुट्टी, पण पोट पांढरंफटक.

टॅमसिनने तो लगेच ओळखला. छापखान्यातून येताना प्रत्येक डब्यात असं एखादं जादा पान येतं. डबा आला की ती आधी तो उघडायची, ते पान काढून चहाच्या कपाखाली घालायची आणि डबा पुन्हा बंद करायची. आज सकाळी डबा उशिरा आला, लगेच खालची घंटा वाजली आणि ते राहून गेलं. एका संसाराचा निकाल लागायचा होता, आणि समोर पडलं होतं कपाखालचं पान. पण पत्ता उलटल्यापासून वाटी वाजेपर्यंत कुणी बोलायचं नाही, हा नियम तिचाच. वाटी वाजवून हे थांबवावं म्हणून तिने हात पुढे केला, आणि पेरनचा चेहरा पाहून तो तसाच राहिला.

तो गुडघ्यांवर हात टेकून पुढे वाकला होता. थट्टेखोर पेरन त्या चेहऱ्यात कुठेच नव्हता.

वाटी वाजायची वाट त्याने पाहिली नाही.

"प्रायमर आहे हा," तो म्हणाला.

"काय?"

"मागच्या छोट्या खोलीतला. बुधवारी मी रंगाआधी भिंतीला पांढरा प्रायमर मारला होता. गुरुवारी रंग द्यायचा होता. गुरुवारी तुला दवाखान्यात नेलं."

बावीस वर्षांपूर्वीच्या त्या गुरुवारी त्यांचा मुलगा जन्मला तो श्वास न घेताच. नर्सने हळूच विचारलं होतं, नाव काय ठेवणार? आणि पेरन म्हणाला होता, "नाव कशाला?" आठवड्याभरात तो कामावर गेला, त्या खोलीला कुलूप लागलं आणि घरात त्याबद्दल पुन्हा कुणी चकार शब्द काढला नाही. मेरियलने पुढचा सगळा संसार त्या दोन शब्दांशी केला होता.

"नर्सने विचारलं तेव्हा नाव माझ्या तोंडात होतं," पेरन पत्त्यालाच सांगत होता. "प्रायमर मारताना ठरवलं होतं. दोन-चारदा मोठ्याने म्हणूनही पाहिलं, हाक मारायला कसं वाटतं ते. मग तिथे वाटलं, आता उच्चारलं तर तेही इथेच ठेवून जावं लागेल. म्हणून नाही सांगितलं."

"कुठलं नाव?"

पेरनने ओठांवरून जीभ फिरवली.

"सिलास."

"सिलास," मेरियल म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा एकदा म्हणाली, पलीकडच्या खोलीतल्या कुणाला हाक मारावी तसं.

गुलाब, हंस, पूल, दिवे अशा चित्रांपुढे टॅमसिनने माणसं रडताना पाहिली होती, आणि दरवेळी त्यातलं थोडं श्रेय मनातल्या मनात स्वतःला दिलं होतं. आज चित्रच नव्हतं. तिचं कसब नव्हतं, तिची चूक तेवढी होती, आणि तरीही ही दोन माणसं तिच्या डोळ्यांदेखत कुठल्या कुठे जाऊन पोचली होती. कशापुढे हात जोडावे ते तिला कळेना. खोटं बोलणं तर आता शक्यच नव्हतं.

"मला सांगायला हवं," ती म्हणाली. "हा पत्ता नाही. छापखान्याचं जादा पान आहे, काढायचं राहून गेलं. हवं असेल तर दुसरा काढा."

मेरियलने कोऱ्या पत्त्यावर तळहात ठेवला.

"नको."

खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं. पेरन डोळे पुसायला रुमाल शोधत होता, तो त्याला कुठल्याच खिशात सापडेना. मेरियलने पर्समधला आपला काढून दिला.

"रंग कुठला आणला होतास?" तिने विचारलं.

"पिवळा. डबा शेडमध्ये आहे."

"अजून?"

"टाकणार कुठे?"

"दगड झाला असेल त्याचा."

"झाला असेल."

मेरियल उठली. दारामागे टांगलेला आपला कोट तिने घेतला, मग त्याचाही काढला आणि हात घालायला सोपा जावा असा धरून उभी राहिली.

"चल," ती म्हणाली. "उघडून तर बघू."