पिकअपच्या जॉइंटची पैज

ओनेझिम डेगलच्या नाकावर माशी बसलेली गावात कुणी पाहिली नव्हती. वय शहात्तर, हात थरथरायला लागलेले, पण आपली पिकअप दुसऱ्याच्या गॅरेजात नेणं म्हणजे आपला घास दुसऱ्याकडून चावून घेणं, असं त्याचं मत. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या या उत्तर टोकाला हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात आणि तेच मीठ मग वर्षभर गाड्यांना खात बसतं. यंदाच्या सरकारी तपासणीत पिकअपला पास झाल्याचा स्टिकर मिळाला नाही, तो पुढच्या चाकांचे खालचे बॉल जॉइंट, म्हणजे चाक ज्यांवर वळतं ते सांधे, खिळखिळे झाले म्हणून. स्टिकर नाही तर गाडी दारात, आणि गाडी दारात तर म्हातारा घरात. बटाट्याच्या शेतांमधल्या त्या एकट्या घरात.

त्याची मुलगी ओदेत दूर दक्षिणेला, पोर्टलंडला, औषधांच्या दुकानात काम करायची. आई गेल्यापासून ती बापाच्या मागे लागली होती, की घर बंद कर आणि माझ्याकडे ये. म्हातारा ढिम्म. मग एक दिवस शेजारच्या लिओनाबाईंचा फोन आला. ओनेझिम गुरुवारी सकाळी सूट घालून, टाय लावून चर्चच्या बंद दारापाशी रविवारच्या प्रार्थनेसाठी उभा होता म्हणे. ओदेतनं विचारलं तर त्यानं उलट तिलाच ऐकवलं, की देवाला भेटायला वार लागतो का? ती हसली, पण फोन ठेवेपर्यंतच.

त्यातूनच ही पैज लागली. जॉइंट मी माझ्या हातानं बदलेन, म्हातारा म्हणाला, जमलं तर पोर्टलंडचं नाव पुन्हा काढायचं नाही. नाही जमलं तर बॅग भरतो. ओदेतनं लगेच हो म्हटलं. थरथरत्या हातांनी गंजलेला जॉइंट सुटत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं; लहानपणी घराशेजारच्या गाडीच्या शेडमध्ये बॅटरीचा उजेड धरून उभं राहत ती सगळं शिकली होती. जिंकायच्या तयारीनंच ती शनिवारी आली. खोटं कशाला बोला, तिनं त्याच्यासाठी पोर्टलंडच्या घरात पलंगसुद्धा आणून ठेवला होता.

सकाळी ती स्वयंपाकघरात प्लॉय भाजत होती. कुट्टूच्या पिठाची ही जाळीदार धिरडी त्याला लोणी आणि काकवीबरोबर लागत. खिडकीतून हातोड्याचे घाव ऐकू येत होते. ठण्ण, ठण्ण, आणि मध्ये बराच वेळ शांत. घावात जोर नव्हता. हे ऐकून तिला बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

खायला बोलवायला ती शेडमध्ये गेली. पिकअपचं पुढचं अंग लोखंडी घोड्यांच्या टेकूवर उचललेलं, चाक बाजूला काढून ठेवलेलं. चाक ज्या ओतीव लोखंडावर बसतं त्याच्या कानात, म्हणजे बाहेर आलेल्या भोकाच्या भागात, जॉइंटचा निमुळता खुंटा वर्षानुवर्षांच्या गंजानं रुतून बसला होता. ओनेझिम पालथ्या टोपलीवर बसून त्या कानाच्या कडेवर हाणत होता. मारण्याची जागा अगदी बरोबर होती. खुंट्याच्या डोक्यावर मारायचं नसतं, कानाच्या कडेवर मारायचं, म्हणजे लोखंड दणका खाऊन क्षणभर पकड सोडतं. ते तो विसरला नव्हता. दोन दातांचा काटा मध्ये ठोकून जॉइंट उचकटणाऱ्यांना तो आजही आडमुठे म्हणत होता.

मग तिची नजर खुंट्यावर गेली. खुंट्यावर नट नव्हता. नुसते आटे.

या भागात ज्याला पाना धरता येतो त्याला एवढं माहीत असतं, की नट सैल करायचा पण काढायचा नाही. चार आट्यांवर तो राहू द्यायचा. वर मोठी स्प्रिंग दाबून बसलेली असते. जॉइंट सुटला की चाकाला धरणारा खालचा दांडा सगळ्या ताकदीनं खाली येतो आणि त्याला अडवायला तो नट तेवढा असतो. ओदेतला हे बापानंच शिकवलं होतं, ओरडून ओरडून. आणि आता तो त्याच दांड्याखाली एक पाय लांबवून निवांत हाणत होता.

हात थरथरतात हे तिला माहीत होतं. हे तिला माहीत नव्हतं.

तिनं आवाज जमेल तेवढा साधा ठेवला. "पापा, प्लॉय गार होतायत. आधी खाऊन घे, मग मार काय मारायचं ते."

"हरायची भीती वाटायला लागली वाटतं," तो म्हणाला, पण उठला. गुडघ्यावर हात टेकत, कुरकुरत घरात गेला.

खरं तर तिला एवढंच करायचं होतं. त्याला हाक मारायची, मोकळा खुंटा दाखवायचा, आणि पैज तिथंच जिंकायची. त्यासाठीच तर ती आली होती. पण त्याचा चेहरा तेव्हा कसा होईल हे डोळ्यांसमोर आलं आणि ते बघायची तिची हिंमत झाली नाही. तिनं काढलेला नट शोधला. म्हातारा काढलेले नट नेहमी लोहचुंबकाच्या थाळीत ठेवायचा, पण थाळी रिकामी. जमिनीवर, टोपलीखाली, कुठंच नाही. शेवटी नव्या जॉइंटच्या खोक्यातला नवा नट काढून तिनं खुंट्यावर चार आटे चढवला आणि घरात परत आली.

खाऊन झाल्यावर ती त्याच्या मागोमाग शेडमध्ये आली. तो टोपलीवर बसला, हातोडा उचलला, काही न बघता हाणायला लागला. पोटात प्लॉय गेल्यामुळे असेल, घाव आता बरे पडत होते. ओदेत मनात म्हणत होती, सूट रे, सूट एकदाचा. आपण नक्की कुणाच्या बाजूनं आहोत हे तिचं तिलाच कळेना.

बार उडावा तसा आवाज झाला. दांडा खाली झेपावला, नटावर आपटला आणि थांबला. ओनेझिमचा पाय त्याच्या खालीच होता.

"बघितलंस?" तो म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "घरी जा आता, औषधं विकायला."

मग त्यानं जॅक ओढून दांड्याखाली लावला आणि नट काढायला हात पुढे केला. हात तिथंच राहिला. काळ्या, गंजक्या खुंट्यावर तो एक नट चकचकीत होता. ओनेझिम त्याच्याकडे बघत राहिला. मग त्यानं सावकाश पँटच्या खिशात हात घातला आणि गंजलेला जुना नट बाहेर काढला. तो त्यानं नव्या नटाच्या शेजारी धरला.

"माझा पाय कुठं होता?" त्यानं विचारलं.

ओदेतला खोटं बोलवेना. "खालीच होता, पापा."

त्यानं पाय आता मागे घेतला, उशिरा का होईना.

"जॉइंट तूच सोडवलास," ती घाईनं म्हणाली. "तुझ्याच हातानं सुटला. पैज जॉइंटची होती. मी पुन्हा पोर्टलंडचं नाव काढणार नाही, शप्पथ."

"पैज जॉइंटची नव्हती, पोरी," तो म्हणाला. "तुलाही माहीत आहे. बॅग भरतो मी."

तिला रडू फुटलं. जे मागायला आली होती ते पदरात पडलं होतं आणि ते कुणाला तरी परत देऊन टाकावं असं तिला वाटत होतं. त्यानं तिला रडू दिलं. समजूत घालणं त्याला कधीच जमलं नव्हतं. थोड्या वेळानं त्यानं हातोड्याचा दांडा चिंधीनं पुसला आणि हातोडा तिच्या हातात दिला.

"दुसऱ्या बाजूचा तू सोडव," तो म्हणाला. "मी इथं बसून सांगतो."

"मला येतं रे."

"येतं, माहीत आहे. तरी सांगू दे. आठवतंय तोवर सांगतो."

तिनं नाक पुसलं आणि पिकअपच्या पलीकडच्या बाजूला जाऊन खाली बसली. तोही टोपली उचलून तिच्याजवळ आला आणि अगदी पहिल्यापासून सांगायला लागला.