पाळण्याच्या चालीत शिरलेली कपबशी

मित्रांनो, मी एक जुनी बाजाची पेटी आहे, आणि आज आनंद माझ्या भात्यात मावेना झालाय! सोलापूरच्या एका म्हाताऱ्या कारागिरानं मला सागवानातून घडवलं. माझा भाता एवढा दांडगा, की एका साली वारं पडलं तेव्हा कुंभारी गावच्या खळ्यावर दोन पोती ज्वारी मी एकटीनं उफणून दिली. खोटं वाटतंय? माझ्या पांढऱ्या पट्ट्यांना विचारा. काळ्यांना नको, त्या खरं बोलून टाकतात.

माझे मालक चनमल्लप्पा. मराठी भजन गाणार, कानडी वचनंही गाणार. गावात कुठंही बारसं असलं की पाळणा म्हणायला आम्हीच. तो पाळणा त्यांना शेजारच्या नागव्वांनी माझ्याजवळ बसून शिकवलेला. ‘निजली गं निजली,’ आणि पुढं बाळाचं नाव.

मग आली ग्रामपंचायतीची निवडणूक. नागव्वांचा मुलगा शरणबसव छत्री चिन्हावर उभा राहिला, आणि मालक होते कपबशीच्या बाजूचे. प्रचाराला गाणं हवं होतं. मालकांनी हाताशी होती तीच चाल उचलली! ‘जिंकली गं जिंकली, कपबशी जिंकली!’ माझ्या पोटावर कपबशीचं स्टिकर बसलं, आणि रिक्षातून मी गाव असं दणाणून सोडलं की चार छत्र्या आपोआप मिटल्या. शपथ! शरणबसव पडला.

त्या दिवसापासून नागव्वांच्या घरातून कपबश्या हद्दपार, चहा पेल्यातूनच. “त्याचं गाणं माझ्या उंबऱ्याच्या आत नको,” असं त्यांनी सांगून टाकलं. अर्ध्या गावानं आम्हाला बोलवायचं सोडलं. मी माळ्यावर गेले. उंदरांनी माझ्या भात्यात संसार थाटला. त्यांची पिल्लं मात्र सुरात रडायची हं!

गेल्या रविवारी शरणबसवची लेक काव्या हिच्या मुलीचं बारसं होतं. भिंतीपलीकडचं मला सगळं ऐकू येतं. मोबाइलवरचा पाळणा नागव्वांनी बंद करायला लावला. “आपल्या घरचा म्हणा की!” बायकांनी सूर धरला, ‘निजली गं निजली...’ आणि सगळ्यांच्या तोंडून एकदम निघालं, ‘कपबशी निजली!’

बायका पदर तोंडात धरून हसल्या. काव्याला रडू फुटलं. लेकीच्या नावाच्या जागी कपबशी! नागव्वा तडक आमच्या दारात.

“चनमल्लप्पा, माझं गाणं नासवलंस. आता तूच नीट करून दे.”

“अक्का, मी कपबशीचाच राहणार. आधीच सांगतो.”

“ऱ्हा की! मी बी छत्रीचीच हाय. तुझं मत कोण मागतंय? माझी चाल दे.”

मालकांची मान खाली गेली. “चाल उचलली, ते मात्र चुकलं अक्का.”

“हां. ह्येच ऐकायचं हुतं. काढ पेटी!”

उंदरांना निरोप देऊन मी खाली उतरले. पाळण्याजवळ मला मांडलं. शरणबसव दाराशी तोंड फिरवून बसलेला. मालकांनी सुरुवात केली, ‘निजली गं निजली...’ बायकांनी ओठ घट्ट मिटले. ओठांवर कपबशी आलीच होती! तेव्हा भात्यात होता नव्हता तेवढा वारा कोंडून मी तो सूर धरून ठेवला, इतका लांब की रस्त्यावरची एसटी अक्कलकोटला पोचली. तेवढ्यात आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं, मग मोठ्यानं उच्चारलं, आणि सगळ्या बायकांनी ते उचललं, ‘आरोही निजली!’

आरोही टक्क जागी होती, ते सोडा. पण आम्ही पुन्हा म्हटलं, पुन्हा म्हटलं. सातव्या खेपेला शरणबसवची मानसुद्धा डोलायला लागली.

“काका, गाणं लई झ्याक,” तो म्हणाला. “पण तुमचं पॅनल बेकार हाय.”

“असू दे की. चहा सांग.”

चहा आला. पेल्यातच!

मित्रांनो, मतांवरून खुशाल भांडा. गाणाऱ्याशीही भांडा. पण त्याच्या पेटीला माळ्यावर टाकू नका, भात्याला कसर लागते. आणि प्रचाराला चाल हवी असेल तर स्वतः बांधा, पाळण्यातल्या बाळाची उचलू नका.

माझं स्टिकर अजून आहे. नागव्वांनी नखानं खरवडून पाहिलं, निघेना, तेव्हा त्यावर विभूतीची तीन बोटं ओढली. कपबशी अर्धी झाकली गेली. उरलेली अर्धी मालक रोज पुसून लखलखीत ठेवतात.