दारावर टांगलेला फळा

मी फळा. खडूनं लिहितात तो काळा नव्हे. माझ्या अंगात चार उभ्या खाचा आहेत आणि त्यांतून चार लाकडी पट्ट्या वरखाली सरकतात. पट्ट्यांवर इंग्रजी शब्द रंगवलेले आहेत. शब्द एका रेषेत आणले की वाक्य तयार होतं. मला घाईनं बोलता येत नाही, तेवढं सांभाळून घ्या.

मला एका सुतारानं बनवलं. एका मोडक्या दाराची फळी त्याच्याकडे उरली होती. त्याची मुलगी शाळेत इंग्रजीला अडखळायची, वर्गात हसं व्हायचं, घरी येऊन रडायची. सुतार मास्तरांना म्हणाला, "मला एबीसीडी येत नाही, पण खाच पाडता येते. तुम्ही शब्द सांगा."

मास्तरांनी शब्द रंगवून दिले. पहिल्या पट्टीवर कुणी, दुसरीवर 'मस्ट', 'हॅव टू' असे, म्हणजे करावंच लागतं ते. तिसरीवर काय करायचं, आणि चौथीवर कशासाठी करायचं.

"माणसाचं सगळं आयुष्य या चार पट्ट्यांत बसतं बघा, मिस्त्री," मास्तर म्हणाले.

"बरं झालं. पाचवीचं लाकूड चुलीला होईल," सुतार म्हणाला.

मुलीनं जुळवलेलं पहिलं वाक्य होतं, 'यू मस्ट ओपन द डोअर.' तुम्ही दार उघडलंच पाहिजे. मग बापलेकीचा तो खेळच झाला. शाळेतून आली की ती बंद दाराबाहेर उभी राहून हे वाक्य मोठ्यानं म्हणायची. ते नीट म्हटल्याशिवाय बाप कडी काढायचा नाही. काढली की वाकून म्हणायचा, "यस म्याडम!" त्याला तेवढंच इंग्रजी येत होतं.

मुलगी शिकली, शिकवणारी झाली, सगळे तिला बाई म्हणू लागले. एका शिलाईच्या कारखान्यातल्या बायकांना जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास इंग्रजी शिकवायचं काम तिला मिळालं. सोबत ती मला घेऊन गेली. सुतारानं पट्ट्यांना मेण चोळून दिलं. "कुठे अडकला नाही पाहिजे," म्हणाला.

कारखान्याची लांब खोली होती. पुढे एक दार, मागे एक दार. मागचं दार बाहेरून कुलूपबंद असायचं, कापड बाहेर जाऊ नये म्हणून. एकदा इस्त्रीच्या टेबलाखालची वायर जळून खोलीभर धूर झाला होता. सगळ्या बायका पुढच्या एकाच दाराशी चेंगरल्या. इस्त्रीवाल्या मावशींचा हात तेव्हापासून खांद्याच्या वर जात नाही.

ही गोष्ट बाईंना पहिल्याच दिवशी सांगितली ती बटणं लावणारीनं. अंगानं लहानशी, म्हणून तिला सगळ्या बटणताई म्हणायच्या. "बाई, बाहेरून माल घेणारे पाहुणे येतात, ते फक्त इंग्रजी बोलतात. मॅनेजरला सांगून सांगून आमचं तोंड दुखलं. आता पाहुण्यांनाच सांगायचंय, ते दार उघडं ठेवायला लावा म्हणून. शिकवाल ना?"

"शिकवीन की. त्याचसाठी आलेय," बाई म्हणाल्या. मला फार बरं वाटलं तेव्हा.

काय मजा यायची त्या अर्ध्या तासात! बायका पट्ट्या कशाही ओढायच्या. एकदा वाक्य झालं, मांजराला दूध प्यायला ऑफिसात जावं लागतं. सगळ्या हसून लोळायच्या बेतात.

"यात हसण्यासारखं काय आहे?" मावशी म्हणाल्या. "आपल्या ऑफिसात तेच चाललंय. साय सगळी मॅनेजरच्या मिशीला."

बटणताई मात्र हसून झालं की ते वाक्य सुटं करून पुन्हा नीट लावायची. चार महिन्यांत ती पट्ट्यांशिवाय बोलू लागली.

पाहुणे यायला आठ दिवस उरले तेव्हा मॅनेजरनं बाईंना ऑफिसात बोलावलं. बाई परत आल्या त्या नव्या पट्ट्या घेऊन. छापील, गुळगुळीत. माझ्या जुन्या पट्ट्या काढून त्यांनी पिशवीत ठेवल्या. नव्या माझ्या खाचांत नीट बसतही नव्हत्या.

बटणताईनं बोट ठेवून वाचलं. आम्हाला जादा वेळ थांबावं लागत नाही. आम्हाला सुरक्षित वाटावं म्हणून दोन्ही दारं उघडी असतात. ती वळली. "बाई, हे खोटं आहे."

"अगं, हा नुसता सराव आहे. मांजराला ऑफिसात पाठवलं तेव्हा ते खरं होतं का?"

बायका हसल्या. बटणताई हसली नाही. मीही नाही, पण माझ्याकडे कोण बघतं!

या पट्ट्यांच्या बदल्यात बाईंना कारखान्यानं चालवलेल्या शाळेत कायमची जागा मिळणार होती. हे मला नंतर कळलं. माझ्यासमोरच मॅनेजरनं त्यांचं अभिनंदन केलं.

पाहुण्या आल्या, दोघीजणी. त्या दिवशी मागचं दार सताड उघडं होतं, उंबऱ्यावर फुलांची कुंडी होती. मला मधोमध उभं केलं होतं. मावशींनी पट्टीवरचं वाक्य पाठ म्हटलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग बटणताईची पाळी आली. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. दाराकडे बोट केलं आणि सावकाश, एकेक शब्द ठेवत म्हणाली, "वी हॅव टू आस्क मॅनेजर टू ओपन धिस डोअर."

हे दार उघडायला आम्हाला मॅनेजरला विचारावं लागतं.

एका पाहुणीनं भुवया उंचावल्या आणि बाईंकडे पाहिलं. म्हणजे काय म्हणायचंय हिला?

बाई हसल्या. इंग्रजीतच म्हणाल्या, तिला म्हणायचंय की उकडलं की आम्ही मॅनेजरना सांगतो आणि ते लगेच दार उघडतात, हवा यायला. नवीन शिकतेय बिचारी, शब्द सापडत नाहीत.

पाहुण्याही हसल्या. कागदावर बरोबरची खूण केली आणि पुढे गेल्या.

बाईंना वाटलं असेल, एवढं भराभर इंग्रजी हिला काय कळणार! बटणताई बाईंजवळ गेली. आवाज चढवला नाही. "कळलं मला तुम्ही काय म्हणालात ते. तुम्हीच शिकवलंत ना, बाई."

बाईंनी पदर सारखा केला. पदर सारखाच होता.

मी लाकूड आहे. करवत सोसली, रंधा सोसला. पण ज्या हातांनी मला मांडीवर घेऊन पहिलं वाक्य लावलं, त्याच हातांनी माझ्या अंगावर खोटं चढवलं, ते काही सोसत नाही.

कुंडी त्याच संध्याकाळी आत गेली. मागचं दार पुन्हा बंद झालं आणि मॅनेजरनं मला त्याच दारावर टांगलं. खोली शोभते म्हणे. दाराचीच फळी मी, पुन्हा दारावर आलो. पाठीला कुलूप लागलेलं दार आहे, तोंडासमोर चाळीस बायका. वर्ग बंद झाला. नव्या पट्ट्या कुणीतरी काढून फेकल्या. जुन्यांची पिशवी कोपऱ्यात राहिली होती, ती बटणताईला सापडली.

आता ती रोज कामाला बसण्याआधी माझ्यावर एकच वाक्य लावते. 'यू मस्ट ओपन द डोअर.' बापलेकीचा खेळ तिला ठाऊक नाही. तिला फक्त दार ठाऊक आहे. मॅनेजर जाता जाता पट्ट्या विसकटतो. ती रजेवर होती त्या दिवशी वाटलं, आज मी मुका राहणार. तर मावशी आल्या. उजवा हात वर जात नाही, म्हणून स्टुलावर चढून डाव्या हातानं त्यांनी वाक्य लावलं.

परवा बाई आल्या होत्या, काही कागद न्यायला. माझ्यासमोर थबकल्या. त्यांचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. मग मान खाली घालून निघून गेल्या.

बाई, मला मोठ्यानं बोलता येत नाही. तुम्हाला येतं. लहानपणी बंद दाराबाहेर उभं राहून किती मोठ्यानं म्हणायचात! आता चाळीसजणी दाराच्या आत आहेत. एकदा तसंच म्हणा. तुमचे वडील अजून माझ्या पट्ट्यांना मेण लावायचं का, म्हणून विचारत असतील. त्यांना काय सांगता?