राहिलेली बुर्जी

येलदरी धरणाची वीज आमच्या उशाला तयार होते, तरी जिंतूरला लाईट जातेच. इन्व्हर्टर किंचाळला की मी आधी चालू संगणकाकडं धावायची.

माझे वडील विष्णुपंत, म्हणजे अप्पा, आणि चारठाण्याचे आबासाहेब यांचं बुद्धिबळाच्या एका अर्धवट डावावरून वाजलं होतं. अप्पा म्हणत, मीच जिंकलो असतो. आबासाहेब म्हणत, बरोबरी. दोघांनी बोलणं टाकलं. शेवटी वैतागून मीच संगणकाला कामाला लावलं. मात झालेल्या पटापासून तो एकेक चाल मागं येत जातो आणि वाटेतल्या प्रत्येक पटाचा निकाल लावून ठेवतो. तेव्हापासून निकाल कुठवर आला ते बघायला आबासाहेब रोज एसटीनं येत, अप्पांशेजारी बसत, चहा पीत भांडत.

आज काम संपत आलं आणि माझी चूक माझ्या ध्यानात आली. आपल्या देशी बुद्धिबळात समोरच्याचा नुसता राजा उरला की बुर्जी होते, डाव तिथंच बरोबरीत सुटतो. हा नियम मी प्रोग्रॅममध्ये घातलाच नव्हता. सगळी मेहनत पाण्यात, आणि आबासाहेबांची एसटी यायची वेळ झालेली.

"अप्पा, बुर्जी राहिली," मी कशीबशी म्हणाले. "सगळं पहिल्यापासून करावं लागेल."

"माहीताय मला. तुझ्या संगणकानं नुसत्या राजाला मात दिलेली दाखवलीस, तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?" मी भडकलेच.

अप्पांनी आबासाहेबांची खुर्ची आपल्या शेजारी ओढली.

"तो रोज यायलाय. निकाल लागल्यावर कशाला येईल, ईश्वरी?"